एकट्याचं रान

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला : रानावनात एकट्यानं जाणं आणि जिवावरच्या प्रसंगातून वाचणं. असा विषय मिळाला की मन आधी लांब धावतं. 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे कमांडर दिलीप दोंदे आठवले, हिमालय आठवला. पण फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढं राहिला तो बीड जिल्हा. माझं माहेर तिथलं. तिथं कुणी साहस करायला म्हणून रानात जात नाही. मेंढरं चारायला, सरपणाला, सीताफळं उतरवायला आणि रात्री दारं धरायला जातात. जाणारा बहुतेक वेळा एकटा असतो. आसपास बिबट्या असू शकतो, साप-विंचू असतातच, वीज पडते, ओढ्याला अचानक पाणी येतं आणि कठडा नसलेल्या विहिरी अंधारात दिसत नाहीत. ही माणसं वाचतात कशी, हे बघायला मी पाटोदा आणि आष्टीच्या बाजूला गेले.

बालाघाटाची रांग जिल्ह्यातून आडवी गेली आहे. एका अंगाला गोदाकाठची काळी, सपाट जमीन. दुसऱ्या अंगाला घाटावरचं मुरमाड, उघडं पठार. मांजरा नदी याच पठारावर, पाटोदा तालुक्यात उगम पावते. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. दाट जंगल असं जवळजवळ नाही. पाटोद्याजवळ मोरांसाठी 1994 मध्ये राखून ठेवलेलं नायगाव मयूर अभयारण्य आहे, ते सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. बाकी सगळं गवत, हिवर-बाभळी, सीताफळाची झुडपं, दगड आणि शेतं. असल्या उघड्या रानात कसला धोका, असं पाहुण्याला वाटतं. धोका असतो तो त्याच्या या वाटण्यात.

पाण्यामागं जाऊ नये

सौताड्याला विंचरणा नदी पठारावरून सपाट वाहत येते आणि गावाजवळ तिच्या पायाखालची जमीनच संपते. खाली खोल दरी, दरीत रामेश्वराचं देऊळ. श्रावणात इथं भाविकांची रीघ लागते, पावसाळाभर धबधबा बघणाऱ्यांची गर्दी असते. मी गेले तेव्हा भाद्रपदातली एक जोरदार सर नुकतीच पडून गेली होती. सगळे कड्याशी उभे राहून फोटो काढत होते. मी वरच्या अंगाला नदीकाठानं मागं चालत गेले. तिथं नदी अगदी गरीब दिसते. घोट्याएवढं पाणी, काठाला लव्हाळं, मध्ये काळा गुळगुळीत दगड. पुढं कडा आहे हे तिथं उभं राहून कळतच नाही. धबधब्याचा आवाज खालून येतो, वारा फिरला की तोही ऐकू येईनासा होतो.

वाट चुकली तर पाण्यामागं जावं, पाणी माणसांपर्यंत पोचवतं, असा सल्ला जगभर दिला जातो. त्यामागं खरी उदाहरणं आहेत. 1971 च्या डिसेंबरात पेरूमध्ये एक विमान वादळात मोडलं आणि सतरा वर्षांची युलियाने कोपके खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत ॲमेझॉनच्या जंगलात कोसळली. विमानातली ती एकटीच वाचली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, त्या जंगलात त्यांचं संशोधन केंद्र होतं. ओढा सापडला की त्याच्या काठानं खाली जायचं, हे वडिलांचं सांगणं तिला आठवलं. चालत, पोहत ती अकराव्या दिवशी लाकूडतोड्यांच्या हाती लागली.

बालाघाटात आणि सह्याद्रीत हाच सल्ला जीव घेऊ शकतो. इथला दगड लाव्हारसाच्या थरांवर थर बसून तयार झालेला. काही थर कठीण, काही भुसभुशीत. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर कड्यासारखा राहतो आणि ओढा तिथून सरळ खाली पडतो. नाळेतून उतरणारा एकटा भटक्या पहिला टप्पा कसाबसा घसरत उतरतो; तो परत चढता येत नाही. पुढचा टप्पा दुप्पट उंचीचा निघतो, तो उतरता येत नाही. अडकलेल्या माणसांची सुटका करणाऱ्या गिर्यारोहकांना ही जागा चांगली माहीत असते.

सौताड्याच्या वरच्या माळावर शेळ्या राखणारे एक बाबा भेटले. वाट चुकलं तर काय करता, असं विचारल्यावर त्यांनी काठी नदीकडं केली नाही, डोंगराच्या धारेकडं केली. “पाणी उडी मारतंय. माणसाला ती उडी जमत नाही,” म्हणाले. धारेवर चढलं की चार गावांचे दिवे दिसतात, कुत्री भुंकलेली ऐकू येतात आणि आता मोबाईललाही रेंज येते. चढ नको वाटतो, थकलेलं शरीर उताराकडं ओढ घेतं, आणि नेमकं तेव्हाच वर जायचं असतं.

ओढ्याची दुसरी गोष्टही त्यांनीच दाखवली. ते कोरड्या ओढ्यात विसाव्याला कधीच बसत नाहीत, सावली तिथंच चांगली असली तरी. आपल्या डोक्यावरचं आभाळ निरभ्र असतं आणि पाऊस वरच्या पठारावर कोसळत असतो. मुरूम आणि खडक पाणी धरून ठेवत नाहीत, सगळं एकदम ओढ्यात उतरतं. पाणी गढूळ झालं, त्यावर काड्या-पालापाचोळा वाहत आला, की सामान उचलत बसायचं नाही, काठ चढायचा. बीड शहरातल्या जुन्या माणसांना बिंदुसरेचा 1989 चा पूर अजून आठवतो. एरवी चिंचोळी धार असलेल्या नदीनं त्या वर्षी शहरातली माणसं नेली होती.

चकवा

रात्रीच्या वेळी ओळखीच्या शिवारात माणूस फिरत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बांधावर येतो. याला आपल्याकडं चकवा लागला म्हणतात. लहानपणी आम्ही ही गोष्ट भुताखेतांच्या गोष्टींत ऐकली. पण चकवा लागलेली, शहाणीसुरती, कष्टाळू माणसं मला भेटली आहेत आणि त्यांच्या सांगण्यात खोटं काही नसतं.

जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात तासन् तास सरळ चालायला सांगितलं, अंगावर जीपीएस लावून. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ झाकोळलं किंवा चंद्र मावळला की ती गोल फिरायला लागली आणि आपलीच वाट ओलांडून गेली. डोळे बांधल्यावर तर काही जणांनी वीसेक मीटर व्यासाची वर्तुळं काढली. आपण सरळच चाललो आहोत, अशी प्रत्येकाची खात्री होती. कारण एक पाय आखूड असणं वगैरे नव्हतं. ‘सरळ’ कुठं आहे याचा शरीराचा अंदाज हळूहळू ढळत जातो आणि बाहेरची खूण नसेल तर तो दुरुस्त होत नाही.

अमावास्येची रात्र, उंच वाढलेली तूर, चारी बाजूंना सारखेच बांध. चकव्याला याहून चांगली जागा कोणती?

आणि त्यावरचा उतारा ऐका. चकवा लागला असं वाटलं की जागच्या जागी बसावं. कुणी चपला उलट्या पायांत घालायला सांगतात, कुणी तंबाखू मळायला, कुणी देवाचं नाव घ्यायला. तांबडं फुटलं की उठावं. चपला उलट्या घालून दिशा सापडत नाही हे उघड आहे. पण हे सगळं करायला माणसाला खाली बसावं लागतं. छातीतली धडधड कमी होते. तो धावत सुटत नाही, विहिरीत पडत नाही. डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी पथकंही हेच सांगतात : वाट चुकल्याचं कळलं की थांबा, बसा, आहात तिथंच राहा. शोधणाऱ्याला बसलेला माणूस सापडतो. चालत राहिलेला माणूस शोधाचं क्षेत्र दर तासाला वाढवत नेतो. बीडच्या शिवारात चकव्यानं जितकी माणसं दमवली, त्याहून जास्त माणसं त्या बसण्यानं वाचवली असतील असं मला मनापासून वाटतं.

आष्टीतला तो आठवडा

2020 च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आष्टी तालुका विसरलेला नाही. सुर्डी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी या तीन गावांच्या शिवारांत काही दिवसांच्या अंतरानं बिबट्यानं तीन जीव घेतले. एक पुरुष, एक लहान मुलगा, एक बाई. पुढं सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातही तीन बळी गेले आणि 18 डिसेंबरला वांगीच्या शिवारात त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. मधले तीन-चार आठवडे रब्बी उभी होती, पिकाला पाणी हवं होतं आणि दिवस मावळल्यावर दार उघडायची हिंमत नव्हती.

असा बिबट्या अपवाद असतो, हे आधी सांगायला हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या उसात, माणसांच्या वस्तीत बिबटे राहत होते, पिल्लं वाढवत होते, आणि माणसांच्या वाटेला जात नव्हते. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या त्यांच्या पथकानं 2009 मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव आजोबा. तो महिन्याभरात रस्ते, रेल्वे, कारखाने ओलांडत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटर गेला आणि वाटेत त्यानं कुणालाही ओरखडा काढला नाही. याउलट जुन्नर भागात बिबटे पकडून लांब नेऊन सोडले गेले, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे दाखवून दिलं. आपला इलाखा हिरावलेलं, अनोळखी जागी सुटलेलं जनावर कसं वागेल, सांगता येत नाही.

तरीही ज्याच्या समोर बिबट्या उभा आहे त्याला ही माहिती पुरत नाही. त्याला हातपाय कसे ठेवायचे ते हवं असतं. आष्टीकडच्या एका वस्तीवर बायकांनी मला त्या दिवसांतली कामाची रीत सांगितली. निंदायला, वेचायला एकटीनं जायचं बंद. चौघी-पाचजणी जायच्या आणि त्यातली एक उभी राहायची. ती काम करायची नाही, नुसती तुरीकडं तोंड करून उभी. थोड्या वेळानं दुसरी उभी राहायची. उभीची मजुरी कापायची नाही, हे मालकाशी आधीच ठरवून घेतलेलं.

त्या एका बाईच्या उभं राहण्यात बिबट्याविषयीचं बरंच शहाणपण आहे. बिबट्याला उभा माणूस भक्ष्य वाटत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला, लहान मूल, अशी बुटकी आकृती त्याच्या नेहमीच्या शिकारीच्या मापाची होते. बरेच हल्ले माणूस ओणवा असताना झालेले आहेत. म्हणून तो दिसला तर खाली बसायचं नाही, पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. हात वर करायचे, टॉवेल किंवा पदर पसरायचा, जोरात ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडंच ठेवून एक-एक पाऊल मागं सरकायचं. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. रात्री मोबाईलवर गाणी लावून चालणारी पोरं शहरी माणसाला बेशिस्त वाटतील. बिबट्याला आपण येतोय हे लांबूनच कळावं, म्हणून ती आवाज करत असतात.

काचेच्या नळीतली वीस मिनिटं

बिबट्याची बातमी होते. सापाची होत नाही. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज एका मोठ्या अभ्यासानं मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं बीडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. अवघड पडते ती मण्यार. मराठवाड्यात शेतातल्या राहत्या जागेला आखाडा म्हणतात. आखाड्यावर राखणीला माणूस एकटा झोपतो, बहुधा जमिनीवर, गोणपाट टाकून. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, गिळता येत नाही, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. रात्रीचं काही बाधलं असेल असं समजून माणूस पडून राहतो आणि हळूहळू श्वास थांबतो. बाज किंवा खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. पहाटे आखाड्यावरच्या माणसाच्या पापण्या झुकलेल्या दिसल्या तर चहा पाजत बसायचं नाही, गाडी काढायची.

घोणस वेगळी. बांधाच्या कडेला वेटोळं करून बसते, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. ती चावली की सूज, वेदना आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडणं. सरकारी दवाखान्यात यासाठी एक साधी तपासणी करतात. रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि नळी न हलवता वीस मिनिटं टेबलावर उभी ठेवायची. मग नळी तिरपी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती जागेवर राहते. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलं आहे आणि प्रतिविषाच्या बाटल्या सुरू करायच्या. ती वीस मिनिटं दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना वर्षासारखी वाटतात. डॉक्टर नुसते बसलेत, असं वाटून भांडणंही होतात. म्हणून हे इथं सविस्तर लिहिते आहे : त्या वेळी डॉक्टर काहीतरी करतच असतात.

एकटं असताना साप चावला तर काय? पळायचं नाही, कारण पळण्यानं विष लवकर पसरतं. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. हाड मोडल्यावर बांधतो तसा तो हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-जोडवी काढून टाकायची, फोन करून 108 ची गाडी किंवा मोटारसायकल जिथं येईल तिथं बोलावायची. फोन नसेल तर हळूहळू चालायचं, थांबत. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं ‘सर्पराज्ञी’ हे जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे. साप दिसला की मारायचा, या सवयीच्या प्रदेशात साप न मारणाऱ्यांची एक पिढी तयार होते आहे, त्यात अशा कामाचा वाटा मोठा आहे. साप मारायला जाणारा माणूसच पुष्कळदा चावून घेतो.

विंचवाचंही सांगायला हवं. दगड उचलला की खाली इंगळी दिसते, काळी, पंजाएवढी, आणि माणूस दचकतो. खरा घातक असतो तो छोटा तांबडा विंचू. मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी महाडला काम करताना या विंचवाच्या दंशानं हृदय कसं निकामी होतं ते रात्र-रात्र रोग्यांशेजारी बसून टिपलं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपचार ‘लॅन्सेट’मधून जगापुढं ठेवला. पूर्वी गंभीर रोग्यांतले शंभरातले चाळीस दगावत. ते प्रमाण एकावर आलं. दरदरून घाम सुटणं आणि हातपाय गार पडणं ही खूण दिसली की मंत्र-उतारा सोडून दवाखाना गाठायचा, एवढं घरात प्रत्येकाला माहीत असायला हवं.

वीज पडताना खाली, बिबट्यापुढं उभं

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात मराठवाड्यावर विजा कोसळतात. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे एकटं लिंबाचं झाड किंवा मेंढपाळ. पाऊस आला की पाय आपोआप झाडाकडं वळतात. तिथंच घात होतो.

वीज झाडातून जमिनीत शिरते आणि जमिनीवरून सगळीकडं पसरते. जवळ उभ्या असलेल्याच्या दोन पायांमध्ये अंतर असेल तर एका पायाखालचा विजेचा दाब आणि दुसऱ्या पायाखालचा दाब वेगळा पडतो आणि प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. बैलाच्या, म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, शिवाय मधल्या वाटेत काळीज. म्हणून एकाच ठिकाणी माणूस वाचतो आणि जनावर मरतं, आणि एकमेकांना खेटून उभी राहिलेली मेंढरं एकदम पडतात.

पक्कं घर किंवा बंद गाडी जवळ असेल तर तिथं जायचं. काहीच नसेल तर झाडापासून लांब, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. आडवं पडायचं नाही. कडाडणं आणि चमकणं यात किती सेकंद गेले ते मोजून तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याची सूचना अर्धा-पाऊण तास आधी देतं. माळावरच्या तरुण मेंढपाळांच्या मोबाईलमध्ये मला ते दिसलं आणि फार बरं वाटलं.

इथं मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट येते. उकिडवं बसणं विजेपासून वाचवतं आणि तेच बिबट्यापुढं घातक. पुरापुढं क्षणात हलायचं, साप चावल्यावर हलायचं नाही. अंधारात वाट चुकल्यावर बसून राहायचं, आणि ओढ्यात बसायचं नाही. रानात नुसतं धाडस असून भागत नाही, कारण प्रत्येक संकट शरीराकडून वेगळं काहीतरी मागतं. पुढ्यात काय आहे हे ओळखायला दोन क्षण लागतात, आणि ते दोन क्षण स्वतःला थोपवून धरणं हेच माळावरच्या माणसांना जमलेलं असतं. त्या शेळ्यावाल्या बाबांची काठी बघितली. टोकाला लोखंडी कडी, वर फांदी ओढायला आकडी, आणि मधला भाग हातानं घासून काळा झालेला. चालताना ते पाऊल टाकण्याआधी काठी टेकवतात. सापाला हादरा कळतो, आणि त्या ठेक्यामुळं माणसाची चालही आपोआप सावकाश होते.

सांगून जाणं

अमेरिकेत यूटा राज्यात 2003 च्या एप्रिलमध्ये ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक एका अरुंद घळीत एकटाच उतरला. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. कुठं जातो आहे हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणून कुणी शोधायला येणार नव्हतं. पाच दिवसांनी त्यानं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. त्याच्या धैर्याची गोष्ट जगानं ऐकली, त्यावर सिनेमा निघाला. मला त्यातलं निघण्याआधीचं एक न बोललेलं वाक्य जास्त मोठं वाटतं. लोणावळ्याजवळ नागफणीच्या कड्यावर 2022 च्या मे महिन्यात दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर एकटा गेला आणि वाट चुकला. घरच्यांशी त्याचा संपर्क झाला होता, पण नेमकी जागा कळेना. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला.

परदेशात एकटे भटके उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र खिशात ठेवतात. भारतात परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा ठरतो. माहीत नसल्यामुळं विमानतळावर पकडले गेलेले परदेशी पाहुणेही आहेत. सुरक्षेची कारणं असतील, पण नोंदणी करून सामान्य माणसाला ते वापरता यावं, असं मला वाटतं. तोवर आपल्याकडं उरतं ते माणसानं माणसाला सांगून जाणं.

आणि यात मेंढपाळ फार तयार असतात. सकाळी कळप हलवताना वाड्यावर सांगून जातात : अमक्या टेकडीच्या अंगानं, तमक्या झिऱ्यावर दुपार, दिवे लागायच्या आत परत. दुपारचं पाणी कुठं, हे सांगण्यात खरी हुशारी आहे. दुसऱ्या अंगानं गेला तरी माणूस पाण्यावर येणारच. शोधणाऱ्याला एक पक्की जागा मिळते. ट्रेकला एकटं निघणाऱ्या पोरांना मी आता एवढंच विचारते : तू दुपारी कुठल्या पाण्यावर असशील, हे घरी कुणाला माहीत आहे?

रात्रीची पाळी

मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या ताई-दाजींच्या घरी होते. गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात लाइन रात्रीची होती. शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. लाइन आली की मोटार सुरू करायची आणि वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. एक वाफा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळानं उठायचं, वाकायचं, खोऱ्यानं माती ओढायची. अंधारात, चिखलात, बहुतेकदा अनवाणी, ओणवं. बिबट्यापुढं आणि सापापुढं जसं असू नये, नेमकं तसं. हे शौर्य गाजवायला कुणी करत नाही. गहू वाळतो म्हणून करावं लागतं.

दिवसा वीज द्या, ही मागणी शेतकरी वर्षानुवर्षं करत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या फीडरवरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ती कल्पना आहे. जिथं ती खरोखर पोचली तिथं सर्पदंशाचा, बिबट्याचा, विहिरीत पडण्याचा धोका एकदम कमी होतो. बीडमधल्या एकट्या माणसाच्या जिवाचं सगळ्यात मोठं संरक्षण त्या फीडरमध्ये आहे, आणि ते प्रत्येक फीडरवर लवकर यायला हवं.

तोवर घराघरानं आपापली सोय लावलेली आहे. दाजी खोरं घेऊन पुढं, ताई मोठी बॅटरी घेऊन मागं. गमबुटांची एकच जोडी, ती पाणी देणाऱ्याच्या पायांत. विहिरीच्या काठाला ताईंनी पांढरं पोतं बांधून ठेवलेलं, उजेड पडला की लांबून दिसावं म्हणून. एकट्यानंच जायची वेळ आली तर दर वाफ्याला घरी मिस्ड कॉल. दोन वाफ्यांचा वेळ होऊनही कॉल आला नाही तर थोरला दीर आणि शेजारचे दोघं निघणार, कोणत्या बांधानं जायचं तेही ठरलेलं. ताई बॅटरीचा झोत पाण्यावर धरत नव्हत्या. दाजी वाकले की त्या झोत फिरवून बांधाकडं, तुरीच्या तोंडाशी धरायच्या आणि मोठ्यानं काहीतरी बोलत राहायच्या : उद्याचं दळण, पोराची फी, मावशीच्या लेकीचं लग्न. दाजी अधूनमधून हं म्हणायचे.

पहाटे लाइन गेली तेव्हा तीन वाफे राहिले होते. दाजींनी स्टार्टर बंद केला, खोरं धुतलं आणि म्हणाले, राहिलेले रात्री घेऊ, रविवारपर्यंत आपली पाळी रात्रीचीच आहे.